तीन बाय तीन

मी एक जुनी ताडपत्री आहे. मित्रांनो, तुम्ही नाक मुरडण्याआधीच सांगून टाकते. लोक माझ्या अंगावर शेणखत टाकत, पण तो माझा अपमान नव्हता. ती माझी नोकरी होती. आठ वर्षे मी ती इमानाने केली, आणि त्या इमानामुळेच एक बाळ मरणाच्या दारात जाऊन आले. ही गोष्ट मला कुणालातरी सांगायचीच होती. गाईंना सांगून पाहिली. त्या रवंथ करत राहिल्या.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे एका लांबलचक गुंडाळीतून आम्हा बहिणींना कापून काढत. मलाही कापले, चारी कडा दुमडल्या, कडेने पितळेच्या कड्या ठोकल्या आणि घडी घालून दुकानात धाडले. रंग निळा, तब्येत खणखणीत. एक बहीण सर्कशीत गेली असे कानावर आले. दुसरी मालट्रकवर बसून देश बघत फिरते. माझ्या नशिबी आबा आले.

आबा म्हणजे सात गाई, एक मक्याचे शेत आणि खिशात कायम मोजपट्टी बाळगणारे गृहस्थ. गल्लीत त्यांना काटेवाले आबा म्हणत, कारण त्यांच्या गोठ्यात तुळईला लटकवायचा एक वजनकाटा होता आणि त्यावर त्यांचा सख्ख्या मुलापेक्षा जास्त विश्वास होता. "अंदाज हा आळसाचा भाऊ," असे ते येताजाता म्हणत. त्यांच्या मुलाने हे इतक्यांदा ऐकले होते की तो अंदाज या शब्दालाच घाबरत असे.

दुकानदाराने मला पुढे केले आणि सांगितले, तीन मीटर बाय तीन मीटर. आबांनी मोजपट्टी काढली. दुकानात जागा नव्हती, म्हणून मला भर रस्त्यात अंथरले. एक दूधगाडी आणि दोन सायकली खोळंबल्या. आबांनी लांबी मोजली, रुंदी मोजली, मग समोरच्या बाजूंनी तेच पुन्हा मोजले, कारण एका बाजूने मोजणे म्हणजे अर्धेच मोजणे.

"आबा, ताडपत्री घेताय की प्लॉट?" दुकानदार म्हणाला.

"माप घेतोय," आबा म्हणाले.

माप बरोबर निघाले. मला फार अभिमान वाटला. त्या दिवशी मला एकंदर चार वेळा मोजले गेले. पुढच्या आठ वर्षांत एकदाही नाही. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे बाकीची गोष्ट समजायला सोपी जाईल.

आता माझ्या कामाविषयी. शेणखत पसरायला आबांच्या घरी एक ट्रॉली होती. तिच्या मागच्या बाजूला दात असलेले दोन रूळ फिरत आणि खत भुरभुर उडवत जात. किती खत पडायचे ते मागच्या झडपेवर ठरे. झडपेला आठ खाचा होत्या. पहिल्या खाचेवर जेमतेम शिंतोडे पडत, आठव्या खाचेवर धबधबा. कुठल्या खाचेवर नेमके किती पडते, हे ट्रॉलीला विचारून कळत नाही. ट्रॉल्या फार खोटे बोलतात.

तिथे माझे काम सुरू होई. मला शेतात अंथरत, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवत, आणि ट्रॉली माझ्यावरून जाई. माझ्यावर जेवढे खत पडे ते गाठोड्यासारखे उचलून काट्याला लटकवत. माती तपासणाऱ्या बाईंनी आबांना सांगितले होते की या मातीला, या मक्याला, मीटर लांब मीटर रुंद जागेत दोन किलो खत पुरे. माझ्यात अशा नऊ जागा होत्या. म्हणजे अठरा किलो खत. माझे स्वतःचे वजन दोन किलो. म्हणजे काट्याने वीस दाखवले की झडप योग्य खाचेवर आहे. ती खाच होती तिसरी. आबांनी गोठ्याच्या भिंतीवर लाल रंगाने, गाईएवढा मोठा, वीसचा आकडा रंगवला. तो अजून तिथे आहे.

आबांचे बाकीचे नियमही सांगते, कारण माणूस वाईट नव्हता. कच्चे शेण शेतात जाऊ द्यायचे नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालून बघायचे, आत ऊब लागली तर ढीग अजून कुजतो आहे, परत फिरायचे. आभाळ भरून आले असेल तर खत काढायचे नाही, नाहीतर शेताचे खत शेजाऱ्याच्या ओढ्यात. सकाळी टाकलेले दुपारच्या आत नांगरून मातीत मिसळायचे, नाहीतर निम्मा कस वाऱ्यावर उडून जातो आणि उरतो तो फक्त वास. आणि शेताच्या उतारावर जी विहीर होती, तिच्याभोवती चाळीस पावलांवर आबांनी पांढरे दगड मांडले होते. त्या दगडांच्या आत शेणाचा कणही जायचा नाही. एकदा एक गाय चुकून आत गेली आणि तिने तिथेच कार्यक्रम उरकला, तर आबांनी स्वतः फावडे घेऊन तो उचलून आणला आणि दिवसभर त्या गाईशी बोलले नाहीत.

असे सगळे चोख होते. लांबून लोक बघायला येत. एका गृहस्थांनी माझ्याकडे बोट दाखवून आपल्या मुलाला सांगितले, "बघ, शेती अशी करतात." मी तेव्हा शेणाने भरलेली होते, तरी लाजले.

पाच वर्षे अशी सुखात गेली. मित्रांनो, सुखाच्या वर्षांत सांगण्यासारखे काही नसते, म्हणून पुढे जाऊ.

सहाव्या वर्षी ओलीने आबांच्या काट्याला गंज चढू लागला. काट्याचा गंज म्हणजे आबांच्या काळजाचा गंज. त्यांनी काट्याला अंगरखा शिवायचे ठरवले, आणि अंगरख्यासाठी कापड शोधता शोधता त्यांची नजर माझ्यावर पडली. लागत होता हातभर तुकडा. पण कापायचे तर सरळ कापायचे, हे त्यांचे तत्त्व. त्यांनी मोठी कात्री घेतली, खडूची रेघ मारली आणि माझी एक पूर्ण बाजू, मीटरभर रुंद, या टोकापासून त्या टोकापर्यंत कापून काढली. इतकी सरळ की कापताना मला कौतुकच वाटले.

कुंपणापलीकडे शिवणकाम करणाऱ्या काकू राहत. त्याच विहिरीचे पाणी त्याही भरत. त्यांनी काट्याचा अंगरखा शिवला, दोरी ओवली, वर खिसाही लावून दिला. काट्याला खिसा कशाला, हे कुणी विचारले नाही. उरलेल्या पट्ट्यातून त्यांनी आपल्या शिलाई मशीनला झाकण केले.

आता आबांना हे कळत नव्हते असे नाही. मला घडी घालता घालता ते मोठ्याने म्हणाले, "आता ही सहा राहिली. भिंतीवरचा आकडा बदलायला हवा." उद्या बदलतो, असेही म्हणाले. मी ते माझ्या कानांनी ऐकले. पण त्याच संध्याकाळी घरच्या सर्वांत हुशार गाईने पाण्याच्या बादलीत तोंड अडकवून घेतले आणि ती बादलीसकट पळाली. आंधळी, ठणठण वाजत, तीन गावे फिरली. तिला शोधण्यात दोन दिवस गेले आणि बादली काढण्यात तिसरा. त्या बादलीत गाईचे तोंड होते, आणि आबांचा उद्याही त्याच बादलीत गेला. तो परत आला नाही.

पुढच्या हंगामात मला शेतात अंथरले. ट्रॉली तिसऱ्या खाचेवरून माझ्या अंगावरून गेली. मला काट्याला लटकवले. काट्याने साडेतेराच्याही खाली दाखवले.

आबांचा मुलगा काटा वाचत होता. त्याला सगळे पैलवान म्हणत, कारण वारा सुटला की तो चालताना वाकत असे. आबांची नजर तोवर अधू झाली होती. आकडे ते मुलाच्या डोळ्यांनी वाचत.

"किती?" आबांनी विचारले.

"साडेतेरा. तेही ओढूनताणून."

"वीस पाहिजे."

झाले. भिंतीवर वीस होते, म्हणजे वीस पाहिजे. दोष कुणाचा? बापलेकांनी ट्रॉलीवर संशय घेतला. रुळांचे दात झिजले असतील, साखळी सैल झाली असेल. साखळी आवळली, दात घासले, काही उपयोग झाला नाही. शेवटी झडप वर केली. चौथ्या खाचेवर सतरा आले. पाचव्या खाचेवर वीस. दोघांनी सुटकेचा निःश्वास सोडला. मी लटकल्या जागी ओरडत होते की अरे, मी लहान झाले आहे, खत कमी पडत नाही, मीच कमी आहे. पण ताडपत्रीचे ओरडणे म्हणजे फडफड. पैलवान म्हणाला, "वारा सुटला वाटतं," आणि वाकला.

पूर्वी त्या शेताला आठ ट्रॉल्या खत पुरत असे. त्या वर्षी बारा लागल्या. स्वतःचा ढीग संपला, मग ओढ्यापलीकडच्या दूधवाल्याकडून आणले. त्याच्याकडे जुन्या शेणाचा डोंगर साचला होता आणि तो कुठे टाकावा या चिंतेत त्याचे केस गेले होते. त्याने आबांना जवळजवळ मिठीच मारली.

बारा ट्रॉल्या का लागल्या, हे आबांच्या मनात आले होते. येणारच. पण त्यांना वाटले, ट्रॉल्या कमी भरत असतील. माणसाचा आपल्या मापावर एकदा विश्वास बसला, की तो ट्रॉलीवर, साखळीवर, गाईवर, वाऱ्यावर, सगळ्या जगावर अविश्वास दाखवतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा. इथे कळसा मी होते, आणि काखेत शेणासकट होते.

मका त्या वर्षी काळाभोर हिरवा आला, छपराला लागला. लोकांनी वाहवा केली. मग एका साध्या वाऱ्यात सगळा आडवा झाला. जास्त खाल्लेले पीक असेच लोळते, अंगाने वाढते आणि पायाने नाही. आबा म्हणाले, वाराच तसा होता. पैलवानाला वारा या विषयातले सगळ्यात जास्त कळत असे. त्यानेही मान हलवली.

दुसरा तुकडा पैलवानाने कापला. त्याच्या स्कूटरची सीट उन्हाने तडकली होती. घाईत कात्री सापडली नाही, म्हणून विळ्याने कापला. "एवढ्याने काय होतंय," असे पुटपुटत त्याने माझी आणखी एक बाजू मीटरभर ओरबाडून नेली. ती कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. आता मी दोन बाय दोन उरले होते. त्याला आठवण करून द्यायला भिंतीवर काही लिहिलेले नव्हते. तिथे फक्त वीस लिहिले होते.

त्याच वर्षी घरात बाळ आले. पैलवानाची मुलगी. तिची आई टपाल कचेरीत काम करी. तीन महिन्यांनी तिची रजा संपली आणि बाळाच्या दिवसभराच्या बाटल्या आबांकडे आल्या. सूनबाईंनी हे काम अगदी निर्धास्तपणे दिले. मोजण्याच्या कामात त्या घरात आबांच्या वर कोण होते?

माझी खुंटी स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर होती. मला रोज दिसे. आबा विहिरीचे पाणी गाळत, पातेल्यात घेत आणि घड्याळ लावून वीस मिनिटे उकळत. पावडरचा चमचा भरून त्यावर सुरीची पाठ फिरवत, कणभरही वर राहू देत नसत. डोळ्यांना नीट दिसत नसे, म्हणून बोटाने चाचपून बघत. बाटली गालाला लावून ऊब तपासत, शेणाच्या ढिगाची तपासत तशीच मन लावून. मग बाळाला मांडीवर घेऊन, "चला, माप बरोबर आहे," असे म्हणून पाजत. इतक्या प्रेमाने कुणी कुणाला चुकीचे पाणी पाजलेले मी पाहिले नाही.

पुन्हा खताचा हंगाम आला. झडप पाचव्या खाचेवर, मी जमिनीवर, मग काट्यावर. काट्याने दाखवले साडेतेरा. पुन्हा तेच.

या वेळी आबांनी थेट काट्यावरच संशय घेतला. त्यांना ते किती जड गेले असेल, विचार करा. काटा खरा की खोटा हे ठरवायला त्यांना असे काहीतरी हवे होते, ज्याचे वजन पक्के माहीत आहे. आदल्या दिवशीच सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई घरी येऊन बाळाचे वजन करून गेल्या होत्या. पाच किलो. आबांनी काटा गरम पाण्याने तीनदा धुतला, झोळी बांधली आणि नातीला काट्याला लटकवले. काट्याने बरोबर पाच दाखवले. बाळ खुदकन हसले. आबांचा चेहरा असा उजळला की जणू नातीने नव्हे, काट्यानेच परीक्षा पास केली.

मग शेत मोजले. दोरी धरून, दोन वेळा. शेत तेवढेच होते. ट्रॉली मोजली. तीही तेवढीच. काटा, शेत, ट्रॉली, नात, सगळ्यांची तपासणी झाली. मी तिथेच पडून होते. दोन बाय दोन.

काकू कुंपणावर कोपरे टेकून हा सगळा तमाशा बघत होत्या. कापड बघून माप सांगणारी बाई. त्यांना ते डोळ्यांना खुपलेच.

"आबा," त्या म्हणाल्या, "तुमची ताडपत्री धुतल्यावर आटते का हो?"

पैलवान हसला. आबा हसले नाहीत. ते गंभीरपणे म्हणाले, "प्लास्टिक आटत नसतं बाई. सुती कापडाचा नियम याला लागू नाही."

"बरं बाई, नाही आटत," काकू म्हणाल्या आणि मशीनवर जाऊन बसल्या. ते मशीन माझ्याच तुकड्याने झाकलेले असे.

त्या घराला खरे सांगणारे एवढे एकच वाक्य मिळाले, आणि ते चेष्टेत मिळाले. मला वाटते, काकूंनी ते रागाने सांगितले असते तर कुणी ऐकले असते. पण त्या स्वभावाने चांगल्या होत्या.

आबांनी निकाल दिला की यंदा खतच हलके आहे. झडप आठव्या, शेवटच्या खाचेवर गेली. काट्याने वीस दाखवले. आठ ट्रॉल्यांच्या जागी एकोणीस लागल्या. दूधवाल्याची चिंता जाऊन फक्त हसू उरले होते. मातीला हवे होते त्याच्या दुपटीहून जास्त खत त्या शेताने घेतले. म्हणजे घेतले नाही. मक्याला जेवढे खायचे तेवढेच तो खातो. उरलेले पावसाने विरघळवले आणि ते मातीच्या आतून, गुपचूप, उताराच्या दिशेने निघाले. पांढरे दगड आबांनी जमिनीच्या वर मांडले होते. जमिनीच्या खाली एकही दगड मांडलेला नव्हता.

विहिरीचे पाणी पूर्वीसारखेच स्वच्छ दिसे. वास नाही, चव नाही. मोठी माणसे पीत होती आणि त्यांना काही होत नव्हते. घाणेरडे पाणी घाणेरडे दिसते तेव्हा ते निदान प्रामाणिक असते.

पाऊस सुरू होऊन काही आठवडे झाले होते. एका दुपारी आबांनी बाटली पाजली, बाळाला खांद्यावर घेतले आणि काकूंना हाक मारली. त्यांच्या हाकेत काहीतरी वेगळे होते, कारण काकू फाटकाने न येता कुंपणावरून आल्या.

"मला नीट दिसत नाही," आबा म्हणाले. "हिचे ओठ बघा जरा. मला निळे वाटतायत."

काकूंनी बाळाला खिडकीच्या उजेडात धरले. ओठ निळे होते. नखेही. त्यांनी बाळाला पदरात गुंडाळले आणि पैलवानाच्या स्कूटरवर बसल्या. त्या सीटवर माझा तुकडा होता. दवाखान्यापर्यंत मीही थोडीशी गेले म्हणायची.

निळ्या पडलेल्या बाळाला डॉक्टरांनी सुईने औषध दिले, आणि त्या औषधाचा रंगही निळा होता. हे मी बनवून सांगत नाही. तिसऱ्या दिवशी बाळ गुलाबी होऊन घरी आले. त्याच्यामागोमाग नर्सबाई आल्या.

त्यांनी विहिरीचे पाणी पेल्यात घेतले आणि त्यात कागदाची एक पट्टी बुडवली. पट्टी गर्द गुलाबी झाली. रंग इतका सुंदर होता की पैलवान "वा" म्हणाला. नर्सबाईंनी त्याच्याकडे बघितले.

"हे पाणी बाळाला द्यायचं नाही," त्या म्हणाल्या. "एक थेंबही नाही. यात खताचा क्षार उतरलाय, त्यानं बाळाचं रक्त निळं पडतं."

"उकळून देतो मी," आबा म्हणाले. "वीस मिनिटं. घड्याळ लावून."

"आजोबा, उकळून पाणी उडून जातं. यातलं जे वाईट आहे ते तिथंच राहतं. जितकं उकळाल तितकं दाट होतं."

आबा पातेल्याकडे बघत राहिले. सूनबाई दारात उभ्या होत्या, बाळाला घेऊन. नर्सबाईंनी विचारले, वरच्या शेतात खत किती टाकता?

आबा ताठ झाले. या एका प्रश्नाचे उत्तर त्यांच्याकडे पक्के होते. "मीटरला दोन किलो. अंदाजानं नाही, मोजून. दाखवतो." आणि त्यांनी मला खुंटीवरून काढले.

मित्रांनो, त्यांनी मला अंगणात अंथरले. त्यांना खात्री होती. त्यांनी नर्सबाईंना सगळे समजावून सांगितले. ट्रॉली अशी येते, खत असे पडते, मग काटा, मग वीस. "आणि ही तीन बाय तीन."

"ही?" नर्सबाई म्हणाल्या.

त्यांनी वाद घातला नाही. त्या माझ्या एका कडेवर उभ्या राहिल्या आणि चालू लागल्या. एक पाऊल, दोन पावले, आणि तिसरे पाऊल मातीत.

आबांनी ते पायांच्या आवाजावरून ओळखले. ताडपत्रीवर पाऊल वाजते, मातीवर वाजत नाही. ते हळूच गुडघ्यांवर बसले. मोजपट्टी खिशात होती, पण तिच्यावरचे आकडे त्यांना दिसत नव्हते, म्हणून ते हाताने मोजू लागले, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत. एक हात, दोन हात, तीन हात, चार हात आणि वर थोडे. साडेसहा यायला हवे होते. ते परत सुरुवातीला गेले. समोरच्या बाजूने मोजले. तेवढेच आले. कुंपणापलीकडचे मशीन थांबले, म्हणजे काकूही बघत होत्या.

मग त्यांचा हात माझ्या फाटक्या कडेवर आला. कुरतडलेल्या, विळ्याने कापलेल्या.

"ही कुणी कापली?"

पैलवान म्हणाला, "मी. स्कूटरच्या सीटला. आबा, मला काय माहीत, एवढ्याशा तुकड्यानं..."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही विचारलं नाहीत."

आबांचे तोंड उघडले. एवढ्या वर्षांचे सगळे आळस, सगळे अंदाज, सगळा वारा आता त्या मुलावर पडणार, असे मला वाटले. सूनबाईंनाही वाटले असावे, कारण त्या एक पाऊल पुढे आल्या. पण बोलता बोलता आबांचा हात पुढे सरकत होता. तो कोपऱ्यावरून वळला आणि दुसऱ्या कडेवर आला. या कडेला दुमड नव्हती, कड्या नव्हत्या. म्हणजे हीही कापलेली. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बोट कुठेही अडले नाही.

"ही सरळ कापलीय," आबा म्हणाले. "म्हणजे मी."

गोठ्यात तुळईला काटा लटकत होता. अंगात निळा अंगरखा, वर रिकामा खिसा. अंगरखा घातल्यापासून त्याला गंजाचा नवा ठिपकाही लागला नव्हता.

त्यानंतर फारसे काही झाले नाही, आणि तेच वाईट होते. भांडण झाले नाही. त्या संध्याकाळी बाळाच्या बाटलीची वेळ झाली तेव्हा आबा सवयीने उठले. सूनबाईंनी फक्त बाटली स्वतःच्या हातात घेतली. पाणी दुसऱ्या गावाहून कॅनमध्ये आणले होते. आबा परत खाली बसले. नातीच्या बाटलीला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. कुणी नको म्हणाले म्हणून नव्हे, कुणी हो म्हणाले नाही म्हणून.

माती तपासणाऱ्या बाई येऊन गेल्या. दोन वर्षे त्या शेतात खताची एक पाटीही टाकायची नाही, नुसते पीक घ्यायचे, त्याला साठलेले खाऊ द्यायचे, असे त्या सांगून गेल्या. ढीग झाकून ठेवला आहे. पांढरे दगड आता शंभर पावलांवर आहेत. नर्सबाई दर काही महिन्यांनी पट्टी बुडवतात. गर्द गुलाबीची साधी गुलाबी झाली आहे. पांढरी व्हायला किती वर्षे लागतील, ते त्यांनाही सांगता येत नाही. काकू अजून डोक्यावरून पाणी आणतात, लांबून. त्यांनी पुन्हा कधी चेष्टा केली नाही. मला त्याचे सगळ्यात वाईट वाटते.

विहिरीवरून कुणी चुकून पाणी भरू नये, म्हणून तिचे तोंड झाकायचे ठरले. तोंड लहान आहे, दोन मीटरही नाही. आबांनी त्यासाठी मला मागून घेतले. बांधण्याआधी त्यांनी पैलवानाला मोजपट्टी धरायला लावली, आकडा दोनदा विचारून घेतला, आणि लाल रंगाने माझ्यावर लिहिले, दोन बाय दोन. आठ वर्षांनी मला कुणीतरी पट्टी लावून मोजले. आता माझ्याने काही मोजायचे नव्हते, तेव्हा.

तेव्हापासून मी इथे आहे. खाली पाणी, वर आभाळ, कुणी येत नाही. आबा संध्याकाळी काठावर येऊन बसतात आणि कधीकधी माझ्या सरळ कडेवरून बोट फिरवतात. मला त्यांचा राग येत नाही. चुकीचे काम करणाऱ्याला कुणीतरी टोकते. सगळी कामे बरोबर करणाऱ्याला टोकायची हिंमत कुणाला होते? त्यांच्यासारखी मोजणारी माणसे जगात फार थोडी आहेत. मोजायचे सोडू नका, एवढे माझे ऐका. फक्त ज्याने मोजता, त्यालाही दर वर्षी एकदा मोजा. ज्या दिवशी त्यातून काही कापाल, त्याच दिवशी आकडा बदला. मग गाय बादलीत अडकलेली का असेना.

मी इथेच थांबणार होते. पण काल एक गोष्ट घडली.

दोन वर्षे संपत आली म्हणून पैलवान बाजारातून नवी ताडपत्री घेऊन आला. निळी, खणखणीत, पितळेच्या कड्या चकाकत होत्या. अगदी मी होते तशी. आबा गोठ्याच्या पायरीवर बसले होते. त्यांनी हात पुढे करून तिची घडी चाचपली.

"केवढी आहे?"

"तीन बाय तीन."

"मोजलीस?"

"त्यावर लिहिलंय आबा," पैलवान म्हणाला.

त्याने तिला माझ्या जुन्या खुंटीवर अडकवले आणि भिंतीवरच्या विसाकडे बघत हात झटकले. नातीच्या बाटलीपासून आबांना या घरात कुणाला काही सांगायचा हक्क वाटेनासा झाला आहे. त्यांनी खिशातली मोजपट्टी काढली, डोळ्यांजवळ धरली, आकडे दिसतात का ते बघितले, आणि परत खिशात ठेवली.

ती नवी अजून तिथे लटकते आहे, मोठ्या अभिमानाने. मी इथून तिला हाका मारते. वारा असेल तेव्हा बरीच फडफडते.

मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी त्या घरावरून गेलात, तर आत जा आणि आबांकडची मोजपट्टी मागून घ्या. तुम्हाला आकडे दिसतात.